बोलोन्यात इटालियनमधूनच पास्ता क्लास करायचाय? मग हे वाचून जा

इटलीत गेलं की कुकिंग क्लास सगळेच करतात, पण इंग्लिशवाला क्लास म्हणजे बरेचदा दहा टुरिस्ट आणि फोटोच फोटो. बोलोन्यात इटालियनमधूनच शिकवणाऱ्या बाई मिळाल्या तर तोच क्लास घ्या, भाषा येत नसली तरी. हाताने पास्ता लाटणाऱ्या बाईला तिथे स्फोल्यीना म्हणतात, आणि तिचं निम्मं शिकवणं तोंडाने नाही, हातानेच चालतं.

बुकिंगच्या आधी एक मेसेज इटालियनमध्ये ट्रान्सलेट करून पाठवा की भाषा जेमतेम येते, चालेल ना? त्यातच खाण्यापिण्याचं सगळं लिहा, हे काम तिथे जाऊन तोंडी करायचं नाही. शाकाहारी असाल तर तोर्तेल्लीनी नको, त्याच्या सारणात डुकराचं मांस असतं, रिकोत्ता चीज भरलेले तोर्तेल्लोनी चालतील का विचारा. पिठात अंडं असतंच, आणि पार्मिजानो चीज वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, वापरून करतात, तेही चालणार नसेल तर सांगा. अक्रोडाची ॲलर्जी असेल तर अजून एक गंमत, नोचे म्हणजे अक्रोड पण नोचे मोस्काता म्हणजे जायफळ, तेव्हा ॲलर्जी कागदावर स्पष्ट लिहून हातात द्या.

आता शब्द. व्याकरणाच्या नादी लागू नका, फक्त क्रियापदं पाठ करा: इम्पास्ता म्हणजे मळ, स्तेंदी म्हणजे लाट, मेस्कोला म्हणजे ढवळ, अज्जुंजी म्हणजे अजून घाल, कोप्री म्हणजे झाक, ताल्या म्हणजे काप. बाई सगळ्या ग्रुपला सांगत असतील तर शेवट बदलतो, मेस्कोलाते वगैरे, पण सुरुवात तीच राहते म्हणून घाबरायचं कारण नाही. वाक्यात आधी नॉन, म्हणजे नको, ऐकू आलं तर मात्र हात थांबवा. आणि काल्दो म्हणजे गरम बरं का! कानाला कोल्ड वाटतं, मी त्याच भरवशावर पातेल्याला हात लावला होता. स्कोत्ता ऐकू आलं तर चटका बसणार असं समजा.

मापं सोपी आहेत. एत्तो म्हणजे 100 ग्रॅम, दुए एत्ती म्हणजे 200. हिशोब साधारण 100 ग्रॅम पिठाला 1 अंडं. रेसिपीत कू. बी. दिसलं तर ते क्वांतो बास्ता, म्हणजे लागेल तेवढं, आपलं अंदाजाने असतं ना तेच, आणि तो अंदाज कागदावरून येत नाही म्हणून तर क्लास.

क्लासमध्ये बाईंच्या समोर नाही, शेजारी उभे राहा, नाहीतर सगळं उलटं दिसतं. पिठाचा ढीग करून मध्ये खड्डा पाडतात त्याला फोंताना म्हणजे कारंजं म्हणतात, अंडी त्यात फोडायची आणि काट्याने आतून बाहेर पीठ ओढत जायचं, कड फुटली की अंडं पाटावरून पळतं आणि मग सगळा ग्रुप हसतो. मळताना मी बोटांनी चिवडत होते तर बाईंनी माझा हात धरला, तळव्याची टाच गोळ्यावर ठेवली, पुढे ढकलला, दुमडला, वळवला, आणि एकच शब्द म्हणाल्या, कोझी. म्हणजे असं. दिवसभरात तो शब्द शंभरदा ऐकू येईल, तो आला की मान वर करून हात बघायचे. मग गोळा अर्धा तास झाकून ठेवतात, प्रश्न विचारायला हीच वेळ.

तुम्ही बोलायची वाक्यं दोनच. पियू लेंतामेंते, पेर फावोरे, म्हणजे जरा हळू बोला प्लीज. आणि पोस्सो प्रोवारे? म्हणजे मी करून बघू? हे दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण न समजता मान हलवत बसलं की सगळं बाईच करून टाकतात आणि आपण नुसते प्रेक्षक.

कापताना ताल्यातेल्ले, म्हणजे लांब पट्ट्यांचा पास्ता, हे नाव ताल्यारे म्हणजे कापणे यावरूनच आलंय हे लक्षात ठेवा, क्रियापद आपोआप पाठ होतं. शिजल्यावर पट्टी 8 मिलिमीटर रुंद हवी, बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये 1972 साली तसं माप रीतसर नोंदवलंय, सोन्याची पट्टी ठेवून! माझ्या पट्ट्या बोटाएवढ्या झाल्या होत्या, बाई काही बोलल्या नाहीत, नुसती सुरी काढून घेतली.

हॉटेलवर आलात की झोपायच्या आधी सगळं मराठीत लिहून काढा, पीठ हाताला कधी चिकटायचं थांबलं, पाणी लागलं का, हेसुद्धा.