पीटीच्या तासाला पोरं टाळाटाळ करतात? मग हे करून बघा

आठवी-नववीत गेली की 'सर पोट दुखतंय', 'मॅडम बूट नाही आणले' सुरू होतं आणि आपण मोबाइलला शिव्या घालतो. पण तीच पोरं मधल्या सुट्टीत घामाघूम होईस्तोवर पळतात ना? त्यांना भीती असते ती चारचौघांत फजिती होण्याची.

म्हणून आधी कॅप्टननी भिडू निवडायची पद्धत बंद करा. शेवटी उरलेल्या पोराला दोन्हीकडचे 'तुम्ही घ्या, आम्हाला नको' म्हणतात, ते पोरगं पुढच्या वेळी बूट विसरणारच. एक-दोन, एक-दोन म्हणायला लावा, झाल्या टीम.

मग बाद झालेल्यांचं बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं. लंगडीत ज्याला नीट जमत नाही तोच आधी बाद होतो आणि बाकीचा तास धुळीत रेघोट्या मारत बसतो, म्हणजे सरावाची गरज ज्याला जास्त तोच कमी खेळतो. बाद झाला की बाजूला दहा दोरीउड्या आणि परत आत. खो-खोत एका वेळी मैदानात 9 पाठलाग करणारे आणि 3 पळणारे, म्हणजे 12 जण, मग साठच्या वर्गातले बाकीचे काय नुसते बघणार? फक्की मारून छोटी छोटी मैदानं आखा, चार जण बसवा, एक पाठलागाला, दोन पळायला, खांबाऐवजी दप्तरं ठेवा, चालतं.

खेलो इंडियाच्या फिटनेस टेस्टमधल्या 600 मीटरचं टायमिंग वर्गासमोर वाचू नका प्लीज. ज्याचं त्याने वहीत लिहावं आणि जुलैचं स्वतःचंच जानेवारीत ताडून बघावं. आणि गृहपाठ नाही केला म्हणून मैदानाला चक्कर मारायला लावणं बंदच करा, पळणं ही शिक्षा आहे हे आपणच शिकवतो.

मुलींना पाळीबद्दल सगळ्यांसमोर अजिबात विचारायचं नाही. बसायचं, चालायचं की खेळायचं ते तिला ठरवू दे, पीटीच्या दिवशी ट्रॅक पँट चालू द्या आणि पॅड कुठल्या मॅडमकडे मिळतील ते वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा.

शक्यतो दोन खेळ समोर ठेवा आणि निवडू द्या, स्वतः निवडलेल्या खेळात पोरं जास्त रमतात.

डब्ल्यूएचओ 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल सांगते, त्यामुळे सिलॅबस राहिलाय म्हणून गणिताचे सर तास मागायला आले तर सरळ नाही म्हणा, आणि मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा.