वर्डची स्क्रीन शिकायची तर खालून सुरुवात करा

वर्ड उघडलं की नव्या माणसाचे डोळे आधी वर जातात. तिथे बटणांची ही गर्दी! निम्मा उत्साह तिथेच मावळतो. म्हणून माझ्याकडे कोणी शिकायला बसलं की मी पहिल्यांदा ती गर्दीच घालवते. कंट्रोल धरून एफ-वन दाबा. बटणांची पट्टी, म्हणजे रिबन, नाहीशी होते आणि टॅबची, म्हणजे होम, इन्सर्ट वगैरे विभागांची, नावं तेवढी उरतात. काही लॅपटॉपवर सोबत एफएनही धरावं लागतं. पुन्हा तेच दाबलं की पट्टी परत येते, पण इतक्यात नको.

रिकाम्या पानावर मात्र काही शिकता येणार नाही, थोडा मजकूर हवा. इंग्रजी कीबोर्डवर बरोबरचं चिन्ह, त्याला चिकटून आर-ए-एन-डी, मग उघडता आणि बंद कंस असं टाइप करून एंटर मारा. वर्ड आपणहून काही परिच्छेद ओतून देतो. स्वतःच्या कामाच्या फाइलवर प्रयोग करायचे नाहीत, हा माझा कडक नियम आहे.

आता सगळ्यात खालची पट्टी बघा, स्टेटस बार. हिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, आणि सगळी माहिती हीच देते. डावीकडे पान क्रमांक, शब्दसंख्या आणि भाषा. माऊसने एक परिच्छेद सिलेक्ट करा. एकूण शब्दांपैकी किती शब्द निवडलेत तेही लगेच दिसू लागेल. त्या आकड्यावर क्लिक केलं की अक्षरं आणि ओळीसुद्धा मोजून मिळतात. शेजारची भाषा म्हणजे कर्सर जिथे आहे त्या मजकुराची भाषा. ब्रिटिश पद्धतीचं स्पेलिंग अगदी बरोबर असूनही खाली लाल नागमोडी रेघ येते ना? इथे बघा, बहुतेक वेळा अमेरिकन इंग्रजी लावलेलं असतं.

उजव्या टोकाला झूमचा सरकता दांडा आहे. अक्षरं बारीक दिसली की लोक सरळ फॉन्ट 16 करतात आणि प्रिंट काढल्यावर विचारतात, ‘एवढं मोठं कसं आलं?’ झूम फक्त तुमच्या डोळ्यांसाठी, कागदावर त्याचा काही परिणाम होत नाही. फॉन्ट साइझ कागदासाठी. एवढा एक फरक डोक्यात बसला तरी पुष्कळ कागद वाचतो.

स्टेटस बारवर राइट क्लिक केलं तर लांबलचक यादी उघडते. हवं त्यावर टिक करायची. मी ‘सेक्शन’ (कर्सर फाइलच्या कुठल्या भागात आहे ते) आणि ‘ट्रॅक चेंजेस’ (केलेला प्रत्येक बदल नोंदवून दाखवण्याची सोय) कायम चालू ठेवते. दुसऱ्याची फाइल हातात आली की ट्रॅक चेंजेस चालू आहे का, हे एक अक्षर टाइप करण्याआधी कळायला हवं.

खालचं झालं, आता रूलर. नव्या वर्डमध्ये तो बहुतेक वेळा बंदच असतो. व्ह्यू टॅबमध्ये जाऊन ‘रूलर’वर टिक करा. पांढरा भाग मजकुराचा, दोन्ही बाजूंचा करडा भाग समासाचा. डावीकडे एकावर एक दोन छोटे त्रिकोण आणि त्याखाली एक चौकोन दिसेल. माझं ठाम मत आहे की वर्ड येतं की नाही, ते या तीन खुणांवरून ओळखावं.

कर्सर एका परिच्छेदात ठेवा आणि वरचा त्रिकोण उजवीकडे ओढा: फक्त पहिली ओळ आत सरकेल. तो परत आणा आणि खालचा त्रिकोण ओढा: पहिली ओळ जागेवर, बाकीच्या आत. क्रमांक घातलेल्या मुद्द्यांची मांडणी अशीच असते. चौकोन ओढला तर अख्खा परिच्छेद सरकतो. हे सगळं कर्सर असलेल्या परिच्छेदापुरतंच असतं, त्यामुळे कर्सर हलवत गेलात की खुणाही जागा बदलतात.

आता कंट्रोल-शिफ्ट-8 दाबा. स्पेसच्या जागी ठिपके, टॅबची कळ दाबली असेल तिथे बाण आणि एंटरच्या जागी उलट्या पी-सारखी खूण दिसेल. ओळीच्या सुरुवातीला आठ-दहा ठिपके दिसले, तर कोणीतरी स्पेसबार ठोकून ओळ आत ढकलली आहे. ते पुसा आणि त्रिकोण वापरा. रूलरच्या पांढऱ्या भागात चुकून क्लिक झालं की इंग्रजी एल-सारखी बारीक खूण उमटते. तो टॅब स्टॉप, म्हणजे टॅबची कळ दाबल्यावर कर्सर जिथे जाऊन थांबतो ती जागा. नको असेल तर पकडून रूलरखाली ओढायचा, जातो.

आता रिबन परत आणा. 2007 मध्ये ती आली, त्याआधी मेनू आणि टूलबार होते. वर्डऐवजी लिबरऑफिस रायटर हा लिहिण्याचा मोफत प्रोग्राम वापरत असाल तर आजही उघडल्यावर मेनूच दिसतील. तिथे व्ह्यू मेनूतल्या ‘यूझर इंटरफेस’मधून टॅबवाली मांडणी निवडता येते. सगळे टॅब पाठ करू नका. होम, इन्सर्ट आणि लेआउट एवढे पुरेत, बाकीचे लागतील तेव्हा बघू.

‘काल इथे बटण होतं, आज नाही,’ ही तक्रार मी सतत ऐकते. त्याची कारणं दोनच. टेबलशी किंवा चित्राशी संबंधित टॅब त्यावर क्लिक केल्यावरच उजवीकडे उगवतात, बाहेर क्लिक केलं की गुडूप. दुसरं, खिडकी अरुंद केली की बटणांचे गट आक्रसून एकेका बटणात जातात. शिकवणीच्या चित्राशी तुमची स्क्रीन जुळत नसेल, तर आधी खिडकी पूर्ण मोठी करा.

गटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला इवलासा तिरका बाणही बघून ठेवा. होममधल्या फॉन्ट गटाचा बाण दाबलात की मोठी चौकट उघडते. मराठीत लिहिणाऱ्यांनी त्यातला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ हा भाग बघावाच: देवनागरीचा फॉन्ट आणि साइझ तिथे वेगळा असतो, इंग्रजीचा वेगळा. एकाच ओळीत मराठी अक्षरं मोठी आणि इंग्रजी बारीक दिसली, तर तपासायची जागा ही.

आणि एखाद्या गोष्टीचं नाव ठाऊक आहे पण बटण सापडत नाही, असं झालं तर नव्या वर्डमध्ये आल्ट-क्यू दाबा. वरच्या शोधपट्टीत नाव टाइप केलं की ते काम तिथूनच करता येतं.