जुन्या एमएक्स-५ची खरी किंमत कशी काढावी

ब्रिटनमध्ये जुनी माझदा एमएक्स-५ (दोन आसनी स्पोर्ट्स कार) घेताना किंवा विकताना जाहिरातीतल्या आकड्यांवर जाऊ नका. ती फक्त विकणाऱ्याची अपेक्षा असते.

१. ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ हा फिल्टर लावा. त्याच पिढीच्या, साधारण तितक्याच मैल चाललेल्या पाच-सहा गाड्यांचे भाव लिहून काढा. सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त सोडून बाकीच्यांची सरासरी घ्या.

२. गाडीचा नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा (ब्रिटनमधल्या सक्तीच्या वार्षिक वाहन तपासणीचा) इतिहास फुकट पाहा. प्रत्येक तपासणीचे मैल आणि गंजाबद्दलचे शेरे तिथे सापडतात. पहिल्या पिढीच्या गाडीत मागच्या चाकांपुढची सिल (दाराखालचा पत्र्याचा भाग) आतून गंजते, म्हणून शेऱ्यांत ‘सिल’ हा शब्द मुद्दाम शोधा.

३. गंज असेल तर तो दुरुस्त करायच्या वेल्डिंगचा खर्च गॅरेजला विचारून सरासरीतून वजा करा.

गाडीच्या तळाला नुकताच काळा संरक्षक थर मारलेला दिसला तर जपून. आत गंज असू शकतो.