‘हंगर गेम्स’ वर्गात घेताना: आधी धान्याचा हिशोब

सुझन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ (२००८) या कादंबरीत दरवर्षी नावांच्या चिठ्ठ्यांची सोडत काढून मुलं निवडतात आणि त्यांना रिंगणात मरेपर्यंत झुंजवतात. ती नववी-दहावीत घेतली की मुलं हमखास धनुष्यबाणावर येऊन थांबतात. नायिका कॅटनिसला शिकार येते म्हणून ती जगली, झालं. या उत्तरापलीकडे जायचं तर सुरुवात रिंगणापासून नको, धान्यापासून करा.

पहिला अख्खा तास ‘टेसेरा’ला, म्हणजे सोडतीत जादा चिठ्ठी टाकून मिळणाऱ्या धान्याला द्या. नियम फळ्यावर लिहा: बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, मग दरवर्षी एक वाढत अठराव्या वर्षी सात. एका माणसाचं वर्षभराचं जेमतेम धान्य-तेल हवं असेल, तर आणखी एक चिठ्ठी. आत गेलेली चिठ्ठी पुढच्या वर्षीही आतच राहते. आता जोडीजोडीने हिशोब करू द्या. कॅटनिस १६ वर्षांची, बाराव्या वर्षापासून दरवर्षी तिघांचं धान्य घेते. तिचा मित्र गेल १८ वर्षांचा, पाच जणांचं. उत्तरं २० आणि ४२. कुणी ८ आणि १२ काढले, तर त्याने टेसेरा एकाच वर्षाचा धरलाय. वर्षवार तक्ता करायला लावा. शेजारी महापौरांच्या मुलीच्या पाच चिठ्ठ्या लिहा आणि गप्प बसा. पुढचं मुलंच बोलतात.

दुसऱ्या तासाला चौघांचे गट आणि तीन प्रसंग: पुढे कॅटनिससोबत रिंगणात उतरणाऱ्या पीटाने उपाशी कॅटनिसकडे पावसात फेकलेले करपलेले पाव, तिने रिंगणातली छोटी साथीदार रू हिच्या देहावर वाहिलेली फुलं, शेवटी दोघांनी खायला उचललेल्या विषारी बेरी. प्रश्न दोनच. या कृतीने करणाऱ्याच्या जिवाचा धोका वाढला की घटला? वाढला असेल, तर तरी का केली? प्रत्येक उत्तरापुढे पान क्रमांक हवाच, नाहीतर चर्चा ‘माणुसकी’वरच्या भाषणात विरघळते. बेरींवर गटांत मतभेद होऊ द्या. तो डाव होता की बंड, याचा निकाल शिक्षकाने लावू नये.

मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढून ‘सोडत’ मात्र खेळू नका. मजा म्हणून सुरू होतं आणि वर्गात आधीच एकटं पडलेलं मूल त्यात भरडलं जातं. ‘जंगलात तू किती दिवस टिकशील’ हा खेळही टाळा. त्यात पुस्तक बाजूलाच राहतं.

लेखनासाठी १५० शब्द पुरेत. आधी एका काल्पनिक राज्याचा एकच नियम लिहायचा: पाणी, औषध किंवा वीज कुणाला मिळते आणि बदल्यात काय द्यावं लागतं. पात्र त्यानंतर. क्रम उलटला की तलवारी आणि झोंबी येतात. तपासताना नियमाचं वाक्य खोडून पाहा. गोष्ट तरीही तशीच चालत असेल, तर वही परत द्या.