मास २८ वरचा घोळ: ज्वालेतला सीओ नायट्रोजनपासून सुटा कसा केला

मिथेन-हवा ज्वालेच्या नमुन्यात क्वाड्रुपोलवर (वायूचे आयन करून ते वस्तुमानानुसार वेगळे मोजणाऱ्या यंत्रावर) सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, मोजायचा तर मास २८, म्हणजे त्याच्या रेणूचं वस्तुमान, निरुपयोगी. तिथे तेवढ्याच वस्तुमानाचा नायट्रोजन ठाण मांडून बसलेला असतो; वर सीओटू (कार्बन डायऑक्साइड) यंत्रात फुटून स्वतःच्या ४४ च्या शिखराच्या साधारण १० टक्के भर घालतो.

म्हणून मास १२ घेतला, म्हणजे फुटलेल्या रेणूतला सुटा कार्बन. सीओचा संकेत तिथे २८ च्या जेमतेम ५ टक्के, पण नायट्रोजन शून्य. सीओटू आणि न जळलेला मिथेनही १२ वर येतात. त्यांचा वाटा अनुक्रमे ४४ आणि १५ वरून काढून वजा करायचा. मिथेनसाठी १६ नको, तिथे ऑक्सिजनचा तुकडा असतो. त्यासाठी लागणारी शिखरांची गुणोत्तरं पुस्तकातली घेऊ नका. आपल्याच यंत्रात आर्गॉनमधली प्रमाणित मिश्रणं आत सोडून तिथेच काढा, फिलामेंट (इलेक्ट्रॉन सोडणारी तार) बदललं की पुन्हा. दाबाचे चढउतार मास ४० ने भागले की बरेचसे जातात, कारण हवेत ०.९३ टक्के आर्गॉन असतोच.

सीओ काही पीपीएमच असेल तर वजाबाकीत तो बुडतो. तेव्हा २८ वरच मोजा, पण आयन करणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा १५ ईव्हीच्या (इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) आसपास उतरवा: सीओ १४.०१ ला आयनित होतो, नायट्रोजन १५.५८ ला. संकेत फार पडतो, तेवढा वेळ सरासरीला द्यावा लागतो.