आकाशाच्या फोटोची प्रिंट केवढी काढायची? आधी पिक्सेल मोजा

माझी चूक आधी सांगतो. डिसेंबरात वैतरणेच्या बाजूला जाऊन 200 एमएम लेन्सने मृग नक्षत्रातला तेजोमेघ (वायू-धुळीचा चमकता ढग) काढला, रात्रभर कुडकुडलो, पन्नासेक फ्रेम स्टॅक केल्या (म्हणजे एकावर एक रचून एकच फोटो केला), मोबाईलवर फोटो असला भारी दिसत होता की थेट 12 बाय 18 ची प्रिंट टाकली आणि हातात आल्यावर बघतो तर तारे म्हणजे भिजलेले साबुदाणे. कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा होता हो, पण मी क्रॉप करून 1500 बाय 1000 पिक्सेलच उरवले होते! 1500 भागिले 18, म्हणजे इंचाला 83 पिक्सेल.

म्हणजे गणित एवढंच, क्रॉपनंतर उरलेल्या पिक्सेलला प्रिंटच्या इंचांनी भागायचं. हातात धरून बघायची प्रिंट असेल तर इंचाला 300 मस्त, 200 ला पण चालून जातं. भिंतीवर लावून तीन-चार फुटांवरून बघणार असाल तर 150 भरपूर. चौकातला भाऊंचा वाढदिवसाचा फ्लेक्स बघा ना, रिक्षातून चकाचक दिसतो, जवळ जाऊन नाक लावलं की नुसते ठिपके. पूर्ण 6000 बाय 4000 ची फ्रेम 300 ने 20 बाय 13 इंच होते आणि 150 ने 40 बाय 26. फाईलमधे 72 डीपीआय (इंचाला ठिपके) लिहिलंय म्हणून घाबरू नका, तो नुसता टॅग आहे, पिक्सेल तेवढेच राहतात.

आता आपल्या छंदातली खरी गोम. फ्रेम मोठी असली तरी वस्तू केवढी आलीय ते बघा. सेन्सरच्या पिक्सेलचा आकार मायक्रॉनमधे घ्या, 206 ने गुणा, लेन्सच्या एमएममधल्या फोकल लेन्थने भागा, की एका पिक्सेलमधे किती आर्कसेकंद (अंशाचा 3600 वा भाग) आकाश बसतं ते कळतं. माझं 3.72 गुणिले 206 भागिले 200, म्हणजे साधारण 3.8. मृगातला तेजोमेघ सुमारे एक अंश, म्हणजे 3600 आर्कसेकंद, म्हणजे जेमतेम 940 पिक्सेल, 300 ने तीनच इंच! देवयानी दीर्घिका तीन अंशांची असल्याने त्याच लेन्सने नऊ इंच भरते. चंद्र अर्ध्या अंशाचा, 200 एमएमने दीड इंच पण 1000 एमएमच्या दुर्बिणीने आठ इंच. गुरू तर फार जवळ आला तरी 50 आर्कसेकंदाचा, त्याची पोस्टर प्रिंट काढायचा हट्ट सोडा, काळ्या कागदावर छोटा गोळा छान दिसतो. फोटोशॉपमधे ताणून पिक्सेल वाढतात, तपशील नाही, आणि एआयवालं अपस्केलिंग ताऱ्यांभोवती काहीबाही कडा काढतं, मला तरी ते आवडत नाही. डिदरिंग करून (दर फ्रेमला कॅमेरा किंचित सरकवून) भरपूर फ्रेम घेतल्या असतील तर ड्रिझलने (त्या फ्रेम बारीक पिक्सेलच्या जाळीवर जोडायची पद्धत) थोडा खरा फायदा होतो, पण नॉइज वाढतो.

प्रिंट टाकायच्या आधी घरीच बघून घ्या. 24 इंची फुल एचडी मॉनिटरवर 100 टक्के झूम म्हणजे इंचाला साधारण 92 पिक्सेल, भिंतीपासून जिथे बसणार तेवढ्या अंतरावर उभं राहून बघा. तारे गोळे वाटत असतील तर साइज कमी करा.

साइज ठरवताना डीएसएलआरची फ्रेम 3:2 असते हे लक्षात ठेवा, 8 बाय 12, 12 बाय 18, 16 बाय 24 तंतोतंत बसतात, 8 बाय 10 ला मात्र कडा कापली जाते आणि नेमका एखादा छान तारा जातो.

आणि काळोख! स्क्रीन मागून उजळलेली असते, कागद नाही, त्यामुळे तेजोमेघाची फिकट कडा कागदावर चक्क गायब होते. मी बॅकग्राउंडचा उजळपणा (0 पूर्ण काळा, 255 पूर्ण पांढरा) 25-30 वर ठेवतो आणि आधी 4 बाय 6 ची टेस्ट काढतो. लॅबवाल्याला ‘करेक्शन न करता काढा’ हे आवर्जून सांगा, नाहीतर मशीनला वाटतं फोटो अंडरएक्सपोज झालाय आणि आकाश राखाडी येतं. फाईल एसआरजीबी या नेहमीच्या कलर प्रोफाईलमधे द्या, पेनड्राइव्हवर न्या, व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर पिक्सेल कमी होतात. ग्लॉसीत काळा जास्त गडद येतो पण ट्यूबलाइट त्यात चमकते, खिडकीसमोरच्या भिंतीला मॅट घ्या.

तोच मृग मी नंतर 5 बाय साडेसातला काढला, इंचाला 200 पिक्सेल. टेबलावर आहे, साबुदाणा नाही, तारे आहेत.