स्थानिक, परक्या आणि लावलेल्या: टेकडीवरील वनस्पतींची नोंद कशी करावी

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर वनस्पतींचे सर्वेक्षण करायचे म्हटले, की वनस्पती ओळखणे हेच खरे अवघड काम, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात नावाशेजारचा रकाना, म्हणजे ती वनस्पती येथलीच की कोणी आणलेली, हा अधिक चुकतो. म्हणून तो वहीत पहिल्या दिवसापासून वेगळा आखावा.

आधी नकाशावर एक किलोमीटर बाजूचे चौकोन पाडून त्यांतला एकच निवडावा. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये वनस्पतींच्या प्रसाराचे नकाशे दहा किलोमीटरच्या चौकोनांवर तयार झाले. हद्द ठरलेली असल्यामुळे काही दशकांनी पुन्हा तेथेच जाऊन तुलना करता येते. चौकोनातला माथा, उतार, ओढा, खाण आणि पायवाटेची कड यांची नोंद स्वतंत्र ठेवावी, कारण परक्या वनस्पती सहसा वाटेच्या कडेने आत शिरतात.

एका फेरीत काम होत नाही. पहिल्या पावसानंतर कंदवर्गीय वनस्पती वर येतात आणि काही आठवड्यांत फुलून आटोपतात. भाद्रपदात तेरडा आणि सोनकी पाहाव्यात. गवते मात्र तुरे आल्यावरच, साधारण ऑक्टोबरात, खात्रीने ओळखता येतात. पुष्कळ जण केवळ ‘गवत’ असे लिहून मोकळे होतात. ज्या टेकड्यांचा मूळ स्वभावच गवताळ आणि झुडपी आहे, तेथे ही नोंद मला तरी निरुपयोगी वाटते. पळस आणि गणेर यांच्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडाशी, पाने गळलेली असताना, आणखी एक फेरी घालावी.

आता तो रकाना. ‘देशी’ हा शब्द टाळावा, कारण भारतातली प्रत्येक वनस्पती या टेकडीची असतेच असे नाही. स्थानिक, फार पूर्वी आलेली, अलीकडे येऊन आपोआप पसरलेली आणि केवळ लावलेली, असे चार वर्ग पुरतात. ब्रिटनमध्ये जुन्या आणि नव्या आगंतुकांमधली सीमारेषा इ.स. १५०० च्या सुमारास धरतात. आपल्याकडेही मूळ अमेरिकेतील घाणेरी, एकदांडी, सुबाभूळ आणि गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) नव्या आगंतुकांतच बसतात, तर आफ्रिकेतून आलेली चिंच इतकी जुनी आहे, की ती परकी आहे हे सांगूनही पटत नाही. गाजर गवताची भारतातली नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली, ती पुण्यातूनच.

गिरिपुष्पाची सारख्या उंचीची झाडे सरळ ओळीत असतील तर ती लावलेली आहेत हे उघड आहे. पण ओळीबाहेर लहानमोठ्या वयाची रोपे दिसली, तर ते झाड आपोआप पसरू लागले आहे, असे लिहावे. कडुनिंबाच्या बाबतीतही हाच निकष लावावा. धावडा, मेढशिंगी, मोई यांसारखी स्थानिक झाडे रोपवनात दिसली तर ओळ, खड्डा, आळे यांच्या खुणा शोधाव्यात. निर्णय होत नसेल तर रकान्यात प्रश्नचिन्ह आणि दिसलेला पुरावा, दोन्ही लिहावे.

पुराव्यासाठी संपूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, फूल समोरून आणि बाजूने, फळ आणि साल अशी छायाचित्रे घ्यावीत. चीक आणि वास वहीत टिपावा, कारण तो छायाचित्रात येत नाही. मोबाइलवरचे ॲप जे नाव सुचवते ते शोधाची सुरुवात समजावे. नमुना, म्हणजे कागदांत दाबून वाळवायची फांदी किंवा रोप, घेण्यासाठी वनविभागाची परवानगी लागते. कंदीलपुष्पासारख्या कंदवर्गीय वनस्पती उपटू नयेत आणि त्यांचे नेमके ठिकाण जाहीर करू नये. दाबलेल्या नमुन्याचा कागद सुरुवातीला रोज बदलावा आणि चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, अधिवास, फुलाचा ताजा रंग आणि वर्ग लिहावा.

शंका उरलेल्या नमुन्यांची तुलना भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील पश्चिम विभागीय केंद्राच्या किंवा आघारकर संशोधन संस्थेच्या वनस्पतिसंग्रहातील जुन्या नमुन्यांशी करावी. तेथील चिठ्ठीवर वर्ष असल्यामुळे ती वनस्पती या भागात किमान केव्हापासून आहे हे कळते, आणि प्रश्नचिन्ह घातलेले काही रकाने तेथेच भरून निघतात.